वॅट पुरेसे होते, तरी काँप्युटर दिवेलागणीलाच का बंद पडायचा?

रत्नागिरीला काकांच्या घरी टीव्हीखालच्या शोकेसमध्ये एक छोटा काँप्युटर आहे. रात्री जेवणं आटोपली की काका त्यावर जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग ऐकतात. दुपारी काकू सिनेमे आणि नाटकं बघते. २०२३ च्या दिवाळीत मी तो जोडून दिला आणि पुढच्या सात महिन्यांत त्याला तीन वेगवेगळे एसएमपीएस लावून पाहिले. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज काँप्युटरला लागेल तशी करून देणारा डबा. पॉवर सप्लाय म्हटलं तरी चालतं, पण आपल्याकडे दुकानात सगळे एसएमपीएसच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. या सात महिन्यांत जे कळलं ते सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण मी पहिला एसएमपीएस निवडताना जो प्रश्न विचारला तोच चुकीचा होता. मी विचारलं होतं, किती वॅट लागतील?

काकांची अट एकच होती. "तंबोरा ऐकू यायला हवा. मध्ये पंखा नको." त्यांच्याकडे कॅसेटवरून उतरवून घेतलेली रेकॉर्डिंग आहेत, काही आकाशवाणीवरून टेप केलेली, काही खाजगी बैठकींची. कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये पहिली दोन मिनिटं फक्त तंबोरे जुळताना ऐकू येतात. काकांना ती दोन मिनिटंही ऐकायची असतात. शोकेस सोफ्यापासून सात-आठ फुटांवर. तिथून पंखा घूं घूं करायला लागला तर त्या दोन मिनिटांचं काही उरत नाही. म्हणून शांतता ही अट मी शब्दशः घेतली.

जागा कमी होती. शोकेसचा खण १६ इंच रुंद, १२ इंच खोल आणि ७ इंच उंच, पुढे काच, मागे प्लायवूड. त्यामुळे मिनी आयटीएक्स या छोट्या आकाराचा मदरबोर्ड घेतला, १७ सेंटीमीटरचा चौरस. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-३ १२१००. त्यातल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी आणि एव्ही-१ हे व्हिडिओचे दोन्ही प्रकार उलगडणारं हार्डवेअर आहे, त्यामुळे ४के सिनेमा चालू असतानाही प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी रॅम, आणि काकांच्या रेकॉर्डिंगसाठी ४ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क. ही डिस्क लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा आडवी येणार आहे.

वॅटचा हिशेब सोपा होता. प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो, तेही टर्बोला, म्हणजे थोडा वेळ वाढीव वेगाने धावत असताना. हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरपर्यंत ओढते, म्हणजे जवळजवळ २५ वॅट, आणि एकदा फिरायला लागली की पाच-सहावर येते. बोर्ड, रॅम, एसएसडी मिळून २० धरा. सगळं एकाच क्षणी झालं असं मानलं तरी १३५ वॅटच्या पुढे गाडी जात नाही. कॅबिनेटसोबत एक छोटा एसएमपीएस आला होता, लेबलवर ३०० वॅट. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या काँप्युटरमध्ये प्रोसेसर आणि डिस्कच्या मोटरी सगळ्या १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरा आकडा ३०० नसून १६८ होता. एसएमपीएस घेताना मोठ्या अक्षरातला आकडा सोडून हा रकाना वाचायची सवय मला आहे, आणि १६८ सुद्धा १३५ पेक्षा जास्तच होते. मी निश्चिंत झालो. पुण्यात माझ्या टेबलावर चार दिवस काँप्युटर चालवला, एकदाही बंद पडला नाही. पंखा थोडा आवाज करत होता, पण पुण्याच्या रस्त्याच्या आवाजात तो बुडून गेला.

दिवाळीनंतर दहा दिवसांनी काकांचा फोन आला. "अरे, तो मधेच बंद पडतो आणि आपला आपण चालू होतो. काल दोनदा झालं." मी त्यांना सांगितलं की जेव्हा होईल तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवा. काका निवृत्त शिक्षक, त्यांनी ते काम चोख केलं. डिसेंबरच्या शेवटी त्यांनी पानाचा फोटो पाठवला. पंधरा नोंदी, आणि सगळ्या संध्याकाळी पावणेसात ते साडेआठमधल्या. खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ लिहिली होती, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्या ओळीचा झाला: "दुपारी लाइट जाते तेव्हा बंद पडत नाही."

घरात इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की तो काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. दुपारी लाइट गेल्यावर काँप्युटर तेवढा वेळ दम धरत होता, संध्याकाळी धरत नव्हता. घर तेच, काँप्युटर तोच, इन्व्हर्टरही तोच. मग संध्याकाळी वेगळं काय होतं?

जानेवारीत मी मल्टिमीटर आणि प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घेऊन गेलो. सकाळी अकरा वाजता भिंतीवरच्या स्विचबोर्डावर २२८ व्होल्ट होते. संध्याकाळी साडेसातला १७६. काकांचं घर ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या टोकाला आहे, आणि दिवेलागणीला आसपासचे सगळे पंप, गीझर, मिक्सर एकदम चालू होतात. काकू म्हणाली, "रोज याच वेळेला डिम होते की, त्यात काय एवढं." तिच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. मी मात्र पुण्यात बसून प्रश्न सोडवत होतो, जिथे व्होल्टेज कधी २२० च्या खाली गेलेलं पाहिलं नव्हतं.

इथे एसएमपीएसच्या आत काय चालतं ते सांगावं लागेल. भिंतीतून येणारी एसी वीज आत शिरल्यावर लगेच डीसी होते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथून पुढे ती १२ व्होल्ट, ५ व्होल्ट अशी उतरवली जाते. लाइट गेली की या कपॅसिटरमध्ये जेवढं साठलेलं असेल तेवढ्यावर काँप्युटर तगतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने हात दिला तर ठीक, नाहीतर एसएमपीएस मदरबोर्डला "वीज नीट आहे" हा जो इशारा सतत देत असतो तो काढून घेतो आणि बोर्ड त्याच क्षणी रिसेट होतो. या तगण्याच्या काळाला होल्ड-अप टाइम म्हणतात. एटीएक्स, म्हणजे काँप्युटरच्या भागांचं जे सर्वमान्य मानक आहे, त्याच्या मार्गदर्शिकेत तो पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद असावा अशी अपेक्षा बरीच वर्षं होती. आपल्याकडे ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे ही अपेक्षा एका आवर्तनापेक्षाही थोडी कमीच.

साठा किती, हे कपॅसिटरच्या आकारावर आणि व्होल्टेजच्या वर्गावर, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेज यावर, ठरतं. हा वर्गच सगळा घोळ करतो. तो काढलेला एसएमपीएस मी नंतर गावातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नेऊन उघडून घेतला. घरी उघडू नका, प्लग काढल्यानंतरही त्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज बराच वेळ राहू शकते. आत दोन कपॅसिटर निघाले, प्रत्येकी २२० मायक्रोफॅरड, एकापुढे एक जोडलेले, म्हणजे मिळून ११०. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नव्हतं. असं सर्किट नसलं की कपॅसिटरचं व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजच्या मागे मागे जातं, साधारण १.४१ पट. सकाळी २३० असताना ते ३२५ होतं. संध्याकाळी १७५ असताना २४७. आणि हा एसएमपीएस कपॅसिटर २०० च्या आसपास उतरला की माघार घेतो असं धरू. मग सकाळचा वापरण्याजोगा साठा येतो ३.६ ज्यूल, संध्याकाळचा फक्त १.१५. सिनेमा किंवा गाणं चालू असताना काँप्युटर भिंतीतून ४० वॅट घेत होता. भागाकार करा: सकाळी ९० मिलिसेकंद, संध्याकाळी २९.

काकांच्या इन्व्हर्टरच्या मागे एक बटण आहे, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको. ते इकोवर होतं. त्या स्थितीत बॅटरीवर जायला ३० ते ४० मिलिसेकंद लागतात असं त्याच्या पुस्तिकेत दिलं होतं. २९ मध्ये ३५ बसत नाहीत, ९० मध्ये बसतात. काकांची ती ओळ आणि हा भागाकार शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. दीड महिना जे भुताटकीसारखं वाटत होतं त्याला तीन आकड्यांत उत्तर मिळालं होतं.

सोपा उपाय म्हणून बटण यूपीएसवर करून पाहिलं. त्या स्थितीत बदल दहा मिलिसेकंदांच्या आसपास होतो, त्यामुळे काँप्युटर एकदाही पडला नाही. पण यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर १८० च्या खालचं व्होल्टेज स्वीकारतच नाही. पावणेसातला तो टक् करून बॅटरीवर गेला, मग टक् करून परत, पुन्हा बॅटरीवर. साडेआठपर्यंत हेच. काका म्हणाले, वायरमनने बटण मुद्दाम इकोवर ठेवलं होतं, नाहीतर रोज संध्याकाळी बॅटरी उतरते आणि रात्री खरंच लाइट गेली तर पंखेही चालत नाहीत. वायरमनचं म्हणणं बरोबर होतं. बटण पुन्हा इकोवर गेलं. इन्व्हर्टर घराचा आहे, काँप्युटरने घराशी जमवून घ्यायचं, हे तिथे ठरलं.

त्याच मुक्कामात दुसरी गोष्ट निघाली, आणि ती पहिल्यापेक्षा गंभीर होती. काकू म्हणाली, "शोकेस पुसताना त्याला हात लागला की झिणझिण्या येतात." दोन महिने ती हे कोणाला बोलली नव्हती. एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटच्या पत्र्याकडे अगदी थोडा प्रवाह सोडतात. अर्थिंग ठीक असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि भिंतीतल्या व्होल्टेजच्या निम्म्यापर्यंत चढतो. मीटरने पत्रा आणि नळ यांच्यात ९० व्होल्ट दाखवले. प्रवाह इवलासा असतो, पण घरात अर्थिंग नाही याची ती खूण आहे, आणि उद्या गीझरमध्ये बिघाड झाला तर तो प्रवाह इवलासा राहणार नाही. वायरमनला बोलावलं. परसातला अर्थिंगचा खड्डा उकरला तर पाइपाच्या टोकाचा नट गंजून तुटलेला. समुद्राची हवा, वर जांभ्याची जमीन. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा कसंबसं निभावतं, एकदा वाळली की तिच्यातून वीज धड जात नाही. नवा पाइप, नवी तार, कोळसा आणि मीठ भरून खड्डा पुन्हा केला, मेन बोर्डात ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइट तोडणारा स्विच, बसवला, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं काम काकूने स्वतःकडे घेतलं. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज ३८ वरून दोनच्या खाली आलं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं काम हेच झालं असं मला वाटतं, आणि एसएमपीएसच्या खरेदीशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता दुसऱ्या एसएमपीएसची निवड. छोट्या कॅबिनेटसाठी कोणकोणते आकार मिळतात ते थोडक्यात. नेहमीचा एटीएक्स १५ सेंटीमीटर रुंद आणि ८.६ उंच असतो, तो इथे बसतच नव्हता. टीएफएक्स लांबुळका, साडेसतरा सेंटीमीटर, कंपन्यांच्या सडपातळ ऑफिस काँप्युटरमध्ये असतो तो. फ्लेक्स एटीएक्स केवळ चार सेंटीमीटर उंच, आणि त्याचा पंखाही त्यामुळे चार सेंटीमीटरचाच. एवढ्या पंख्याला हवा ढकलायला फार वेगाने फिरावं लागतं आणि तो शिट्टीसारखा वाजतो, तंबोऱ्याच्या घरात त्याला प्रवेश नाही. एसएफएक्स १२.५ बाय १० सेंटीमीटर, उंची ६.३५, पंखा आठ किंवा नऊ सेंटीमीटरचा. कॅबिनेटमधला साचा याचाच होता.

आणि एक वेगळाच मार्ग: एसएमपीएस कॅबिनेटबाहेरच ठेवायचा. लॅपटॉपसारखा अडॅप्टर बाहेर, आणि आत मदरबोर्डच्या २४ पिनांच्या सॉकेटवर थेट बसणारी बोटभर पट्टी, जी १२ व्होल्टमधून बाकीची व्होल्टेज तयार करते. पिको पीएसयू या नावाने ती ओळखली जाते. पंखाच नाही. माझं मन तिकडेच धावलं. जानेवारीतच १५० वॅटची पट्टी आणि १२ व्होल्ट १० अँपिअरचा अडॅप्टर मागवला. अडॅप्टर घेताना एक काळजी घ्यावी लागते: या पट्टीत १२ व्होल्टची लाइन बहुतेक वेळा अडॅप्टरमधून सरळ आत जाते, मध्ये काही सुधारणा होत नाही. अडॅप्टर जेवढा चांगला तेवढेच तुमचे १२ व्होल्ट चांगले. एलईडी पट्ट्यांसाठी बाजारात मिळणारा स्वस्त अडॅप्टर इथे लावू नये. बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला घ्यावा.

संध्याकाळच्या परीक्षेत हा अडॅप्टर पहिल्या फटक्यात उतरला. काकांच्या रेकॉर्डिंगची दुसऱ्या डिस्कवर प्रत करून ठेवली, आणि बरोबर साडेसातला गाणं चालू असताना मेन स्विच दहा वेळा खाली-वर केला. जुना एसएमपीएस दहापैकी सात वेळा पडला होता. अडॅप्टर एकदाही नाही. त्याचं कारण लेबलवरच आहे: १०० ते २४० व्होल्ट. तो १०० व्होल्टवरही काम करू शकतो, म्हणजे त्याचा कपॅसिटर २४७ वरून जवळजवळ १४० पर्यंत उतरला तरी तो माघार घेत नाही. लहान कपॅसिटर, पण तळापर्यंत वापरता येणारा. भिंतीतून घेतलेली वीजही कमी झाली, ४० वरून ३० वॅट. आणि आवाज शून्य. त्या रात्री काकांनी दिवे मालवून एक अख्खा विलंबित ख्याल ऐकला, मीही ऐकला.

मग अडचणी आल्या. पहिली डिस्कची. काँप्युटर चालू होताना डिस्क फिरायला लागते आणि त्याच वेळी प्रोसेसरही टर्बोत असतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन क्षणभर ११.३ पर्यंत खाली आली. एटीएक्सला पाच टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ११.४ ही हद्द. डिस्कमधून एकदा टक् असा आवाज आला. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वरची मर्यादा ६० वॅट केली आणि हा प्रश्न मिटला, सिनेमा-गाण्यात काहीच फरक पडला नाही. दुसरी अडचण मिटली नाही. काकांचा अँप्लिफायर जुना, त्याला काँप्युटरचा आवाज साध्या ॲनालॉग वायरने जातो. अडॅप्टर दोन पिनांचा होता, म्हणजे काँप्युटरचा पत्रा पुन्हा अधांतरी. स्पीकरमधून बारीक गुणगुण यायला लागली, षड्जाशी न जुळणारी. काका काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हा सूर रेकॉर्डिंगमध्ये होता का रे पूर्वी?" आवाज ऑप्टिकल वायरने किंवा टीव्हीतून एचडीएमआयने जात असता तर हा प्रश्नच आला नसता. तिसरी अडचण काका-काकूंच्या बाजूने विचार केल्यावर लक्षात आली. ती पट्टी जळली तर रत्नागिरीत मिळणार नाही. मुंबई-पुण्याहून कुरिअरने येईपर्यंत आठवडा. साध्या २४ पिनांचा एसएमपीएस मात्र गावातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे असतो, कॅबिनेटच्या बाहेर ठेवून दोन दिवस तरी काम भागवता येतं.

तरीही मे महिन्यापर्यंत अडॅप्टर आणि पट्टीवरच काम चाललं. नंतर मी तिसरा घेतला: एसएफएक्स, ४५० वॅट, ८० प्लस गोल्ड हा कार्यक्षमतेचा बिल्ला आणि ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं ते सर्किट, असलेला. साडेसात हजार पडले. ३०-४० वॅट खाणाऱ्या यंत्राला ४५० कशाला, असं मित्राने विचारलं आणि प्रश्न रास्त होता. उत्तर वॅटमध्ये नव्हतं. ॲक्टिव्ह पीएफसीचं सर्किट भिंतीत १७५ असोत की २३०, आतला कपॅसिटर ३८० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतं. संध्याकाळ आणि सकाळ त्याला सारखीच. आणि ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटरही मोठा असतो. समजा ३३० मायक्रोफॅरड, आणि ३८० वरून ३०० पर्यंत उतरू दिला, तर नऊ ज्यूल मिळतात. पूर्ण ४५० वॅट ओढले तर, एसएमपीएसमधला अपव्यय धरून, ते १८ मिलिसेकंदांत संपतील, मार्गदर्शिकेला पुरेल इतकेच. पण आपण ओढतो ३४. तेच नऊ ज्यूल अडीचशे मिलिसेकंदांहून जास्त पुरतात. मी मोठा एसएमपीएस घेतला तो त्याच्या टाकीसाठी. संध्याकाळच्या दहा फेऱ्यांत हाही एकदाही पडला नाही. काकांचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे, तेही इथे कामी आलं, कारण चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंदच होतात.

मग आणखी मोठा का नाही? पुण्यात एका मित्राचा ६५० वॅटचा एसएफएक्स मी आधी उसना लावून पाहिला होता. अगदी कमी भारावर काही एसएमपीएस सतत चालण्याऐवजी झटके देत चालतात, वीज वाचवायला. त्या झटक्यांनी आतली कॉइल बारीक कुईं असा आवाज काढू शकते. त्या ६५० वाल्याचा तसा येत होता, रात्री अकरानंतर स्पष्ट. ४५० वाल्याचा येत नाही. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं आणि नगागणिक बदलूही शकतं, म्हणून बदलून देणाऱ्या दुकानातूनच घेतला आणि शांत खोलीत कान लावून ऐकला.

गोल्डच्या बिल्ल्याबद्दलही इथेच सांगतो, कारण यात पैसे वाया जातात. ८० प्लसची सुरुवात २००४ ची. ११५ व्होल्टच्या तक्त्यात गोल्डला २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. आमचा काँप्युटर ४५० च्या सहा टक्क्यांवर जगतो. तिथे हा बिल्ला काहीच सांगत नाही. या तक्त्यात दहा टक्क्यांची अट फक्त टायटेनियम या सगळ्यात वरच्या बिल्ल्याला आहे. वॅटमीटरवर मला मिळालेले आकडे: जुना ४०, अडॅप्टर ३०, नवा गोल्ड ३४. अडॅप्टर आणि गोल्डमधले चार वॅट रोज सहा तास धरले तर वर्षाला पावणेनऊ युनिट. दहा रुपये युनिट धरा, ८८ रुपये. प्लॅटिनमसाठी दोन-तीन हजार जास्त मोजून हे वाचवायचं म्हटलं तर काकांच्या शंभरीपर्यंतही वसूल होणार नाहीत. गोल्ड घेतला तो विजेच्या बिलासाठी घेतलेला नाही. गोल्डच्या वर्गात साधारणपणे बांधणी बरी असते, ५ आणि ३.३ व्होल्ट वेगळ्या सर्किटने तयार होतात, आणि त्यामुळे काँप्युटर झोपेत जवळजवळ काहीच ओढत नसतानाही व्होल्टेज भलतीकडे जात नाहीत.

बसवताना एक धोक्याची गोष्ट टळली. वायरी सुट्या निघणाऱ्या एसएमपीएससोबत डिस्कची वायर थोडी आखूड आली होती. मदतीला आलेल्या मुलाने दुसऱ्या एसएमपीएसची लांब वायर खिशातून काढली, टोक अगदी तसंच दिसणारं. मी त्याचा हात धरला. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूला पिनांची मांडणी कंपनी-कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत, वेगळी असते. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले असते तर काकांची चाळीस वर्षांची रेकॉर्डिंग त्या क्षणी गेली असती. आम्ही डिस्कची जागा बदलली.

पंख्याचं मात्र लगेच जमलं नाही. हा एसएमपीएस कमी भारावर पंखा पूर्ण थांबवतो, आणि मी त्यासाठीच तो निवडला होता. पण मे महिना, बंद काच, मागे प्लायवूड. दोन तासांत खणातली हवा ४४ अंशांवर गेली आणि पंखा सुरू झाला, पाच मिनिटांनी थांबला, पुन्हा सुरू. एकसुरी हळू आवाजाची कानाला सवय होते, अशा ये-जा करणाऱ्या आवाजाची होत नाही. काकांचा चेहरा पाहूनच कळलं. सुताराने मागच्या प्लायवूडला वर आणि खाली दोन मोठी भोकं पाडून जाळी बसवली, मी कॅबिनेट असं फिरवलं की एसएमपीएसचा पंखा बाहेरच्या बाजूने हवा घेईल. खण ३७ अंशांवर आला. त्यानंतर गाणी ऐकताना पंखा फिरलेला मी पाहिला नाही, सिनेमा लांबला तर क्वचित फिरतो. अँप्लिफायरची गुणगुणही गेली, कारण आता पत्रा तिसऱ्या पिनेतून दुरुस्त झालेल्या अर्थिंगला जोडलेला आहे.

जूनच्या पहिल्या गडगडाटाला काकूने टीव्ही, डिश आणि काँप्युटर तिन्हींचे प्लग काढून ठेवले. कोकणात वळवाच्या विजा डिशच्या वायरीतूनही आत येतात, आणि त्यापुढे कुठल्याही एसएमपीएसची मात्रा चालत नाही. पावसाळ्यात रोज तासभर तरी तो चालू ठेवायचा, म्हणजे आत दमटपणा साचत नाही, एवढं काकांना सांगून ठेवलं आहे. ते तर तीन तास चालू ठेवतात.

अडॅप्टर आणि ती बोटभर पट्टी माझ्या पुण्याच्या टेबलाच्या खणात आहे. ४ टीबीची एसएसडी काकांच्या खिशाला झेपेल इतकी स्वस्त झाली की फिरणारी डिस्क काढायची, अँप्लिफायरला ऑप्टिकलचा डबा जोडायचा, आणि ती पट्टी पुन्हा लावायची असं आमचं बोलणं झालं आहे. तोवर हा ४५० वॅटचा एसएमपीएस आपल्या सहा टक्क्यांवर चालत राहील.